चाबूक, टोपी आणि दोनशे पानी वही

पिक्चर बघून बाहेर आलेल्या कोल्हापुरी माणसाला 'कसा होता?' म्हणून विचारा. उत्तरं दोनच येतात. एकतर 'नाद खुळा!', नाहीतर 'झोपलो गा.' दोन्ही प्रामाणिक असतात, पण दोन्हींतून पिक्चरबद्दल काही कळत नाही.

माझी भाची अकरावीत आहे. कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी तिला चित्रपट परीक्षण लिहायचं होतं. 'मामा, कुठला पिक्चर घेऊ?' म्हणाली. मी म्हटलं, एक घेऊ नकोस, मालिका घे. एकाच पिक्चरवर लिहिताना नवा माणूस विशेषणांत अडकतो. तोच नायक, तीच टोपी, तोच चाबूक घेऊन पाच पिक्चर आले की पहिल्यात काय होतं आणि चौथ्यात काय हरवलं, हे आपोआप दिसायला लागतं. आम्ही इंडियाना जोन्स घेतला, जुन्या वस्तू शोधत फिरणाऱ्या पुरातत्त्वज्ञाची हॉलीवूडची साहसमालिका. १९८१ ते २०२३ असे पाच चित्रपट, सगळे मिळून साडेदहा तासांच्या थोडे वर. मे महिन्याच्या सुट्टीत आरामात बसतं. तिला सांगता सांगता जे जमत गेलं तेच इथे लिहितोय. जेम्स बाँड घ्या किंवा दुसरी कुठली मालिका घ्या, पद्धत तीच राहील.

क्रम आधी ठरवा

प्रदर्शनाच्या क्रमाने बघा. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' १९८१, 'टेंपल ऑफ डूम' १९८४, 'लास्ट क्रूसेड' १९८९, 'किंगडम ऑफ द क्रिस्टल स्कल' २००८ आणि 'डायल ऑफ डेस्टिनी' २०२३. पहिले चार स्टीव्हन स्पीलबर्गचे, पाचवा जेम्स मँगोल्डचा. वहीच्या पहिल्या पानावर ही वर्षं लिहा आणि शेजारी दुसरा रकाना आखा: गोष्ट कुठल्या साली घडते. तिथे १९३६, १९३५, १९३८, १९५७, १९६९ असं येईल.

दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान आहे, हे बघितलंत? मी बघितलं नव्हतं. ऐन उमेदीत एका स्थानिक दिवाळी अंकात मी या मालिकेवर लेख लिहिला. 'पहिल्या मोहिमेत तावून सुलाखून निघालेला नायक आता भारतात येतो' असं झोकात वाक्य टाकलं. अंक निघाला. आठवड्याने चहाच्या गाडीवर एका टॉकीजचे निवृत्त ऑपरेटर भेटले. त्यांनी लेख वाचला होता. म्हणाले, 'साहेब, पिक्चर सुरू होताना पडद्यावर साल दावत्यात की. बघितलं न्हाईसा? मला विंग्रजी येत न्हाई, पन आकडा वाचता येतो.' दुसरी गोष्ट पहिलीच्या आधी घडते, आणि मी नायकाला अजून न घडलेल्या मोहिमेतून तावूनसुलाखून काढला होता. तेव्हापासून पडद्यावर आकडा आला की माझा हात आपोआप वहीकडे जातो.

दोनदा बघा

पहिल्यांदा वही आत ठेवा. दिवे घालवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि सगळ्यांसारखं बघा. घाबरायचं तिथे घाबरा, हसायचं तिथे हसा. संपल्यावर लगेच पाच ओळी खरडा. आठवतंय तेवढंच लिहा, आठवत नाही ते शोधायला जाऊ नका. या पाच ओळी पुढे सोन्याच्या ठरतात, कारण दुसऱ्यांदा बघताना तुम्ही शहाणे झालेले असता आणि शहाण्या माणसाला आपण कुठे दचकलो होतो ते आठवत नाही.

दुसऱ्यांदा वही घेऊन बसा. डावीकडे मिनिटं, उजवीकडे काय दिसलं ते. काय वाटलं ते लिहू नका, दिसलं तेच लिहा. 'भीती वाटली' याऐवजी 'मशाल विझत आली, खाली साप' एवढं पुरतं.

आपल्याकडे टॉकीजमध्ये पिक्चर बघत वाढलेल्यांना आणखी एक सोय आहे: मध्यंतर. हे चित्रपट मध्यंतर धरून लिहिलेले नाहीत. आपल्या टॉकीजवाले मधे कुठेतरी कापून 'इंटरव्हल' लावतात आणि लोक वड्याला उठतात. पण तुम्ही स्वतःला विचारा, मी असतो तर मध्यंतर कुठे ठेवलं असतं? 'रेडर्स' ११५ मिनिटांचा. साधारण मधोमध नायकाला तो शोधत असलेली प्राचीन पवित्र पेटी (नावातली 'आर्क') सापडते आणि तो सापांच्या तळघरात कोंडला जातो. इतकी चोख जागा आपल्या पटकथाकारालाही मागून मिळणार नाही. आता हाच प्रयोग १५४ मिनिटांच्या पाचव्यावर करा. भाचीने तीन जागा सुचवल्या आणि तिन्ही खोडल्या. तिला जागा का सापडेना, हे तिने दोन ओळींत लिहिलं. तिच्या पाचव्या परीक्षणाचा गाभा तोच झाला.

मारामारी कुस्तीसारखी बघा

इथे थोडं थांबतो, कारण साहसपटाचं परीक्षण बहुतेक इथेच फसतं. 'थरारक ॲक्शन', 'श्वास रोखून धरायला लावणारी दृश्यं' असं लिहून माणूस मोकळा होतो. खासबाग मैदानात बसून 'थरारक कुस्ती झाली' एवढंच म्हणणाऱ्याला शेजारचा म्हातारा काय म्हणेल? तो विचारेल, पट कुणी काढला? ढाक लागली का? कोण खाली गेला, कसा सुटला?

शाहू महाराजांनी १९१२ साली उभं केलेलं ते मैदान वाटीसारखं आहे. आखाडा खाली, लोक चढत्या उतारावर, त्यामुळे शेवटच्या माणसालाही मल्लाचे पाय दिसतात. ॲक्शन दृश्याला हाच निकष लावा. पाय दिसतात का? कोण कुठे आहे, कुणाला काय हवंय, मधे काय आडवं आलंय, हे प्रत्येक क्षणी कळतं का? कळत असेल तर दिग्दर्शकाने खासबाग बांधलीय. नुसती धूळ आणि आरडाओरडा असेल तर कॅमेरा कितीही हलू दे, कुस्ती दिसली नाही म्हणून लिहा.

'रेडर्स'मधला ट्रकचा पाठलाग घ्या. सात-आठ मिनिटांचं दृश्य आहे. थांबवत थांबवत बघा आणि एकेक डाव वहीत उतरवा. नायक घोड्यावरून ट्रकवर उडी मारतो. ड्रायव्हरला बाहेर काढून स्वतः चाक धरतो. मागचे शिपाई ट्रकच्या कडेने लोंबकळत पुढे सरकतात, तो ट्रक कडेला घासून त्यांना झाडून टाकतो. मग दंडात गोळी लागते. शेवटचा शिपाई टपावरून येतो, आत शिरतो आणि नेमका जखमेवर ठोसे मारतो. नायक पुढची काच फोडून बाहेर. बॉनेटवर लोंबकळताना हातात आलेलं बोधचिन्ह वाकतं, जाळीच्या दांड्या निसटतात. तो धावत्या ट्रकच्या खाली जातो, पोटाखालून सरपटत मागे निघतो, चाबूक अडकवून रस्त्यावरून फरफटत राहतो, पुन्हा वर चढतो, पुन्हा केबिनमध्ये येतो. आणि ज्याने आपल्याला काचेतून फेकलं त्याला त्याच काचेच्या जागेतून बाहेर काढतो.

दिसलं का? माणूस ट्रकला पूर्ण प्रदक्षिणा घालून जिथून पडला तिथेच परत आला. जखम आधी झाली, तिचा वापर नंतर झाला. डाव आणि प्रतिडाव एकाच जागेवरून. 'थरारक' हा शब्द न लिहिता एवढं लिहिलंत तर वाचणाऱ्याचा श्वास तुमच्या परीक्षणातच अडकतो. ट्रकखालचा तो भाग टेरी लेनर्ड या स्टंटमनने केला. त्यासाठी रस्त्याच्या मधोमध चर खणला होता. १९३९च्या 'स्टेजकोच'मध्ये याकिमा कॅनटने घोडागाडीखालून केलेल्या स्टंटला तो मुजरा होता. ही माहिती परीक्षणात घ्या, पण दृश्य सांगून झाल्यावर. आधी माहिती आणि मग दृश्य असं केलंत की परीक्षणाचा चौकटीतला 'माहीत आहे का?' होतो.

पडद्यामागच्या गोष्टी चवीपुरत्या

तलवारबाज समोर येऊन हवेत पट्टा फिरवल्यासारखे हात करतो आणि नायक कंटाळून पिस्तूल काढून त्याला उडवतो, हे दृश्य सगळ्यांना माहीत आहे. ट्युनिशियात चित्रीकरण चालू असताना नायक झालेल्या हॅरिसन फोर्डचं पोट बिघडलं होतं, म्हणून ठरलेली लांबलचक झटापट बाजूला पडली, हेही आता सगळ्यांना माहीत आहे. मग परत कशाला लिहायचं? त्यातून चित्रपटाबद्दल काही निघत असेल तरच. निघतं असं मला वाटतं. या नायकाला सरळ लढायची हौस नाही, त्याला काम उरकायचं असतं. अपघाताने सापडलेलं ते दृश्य त्याच्या स्वभावाला इतकं चपखल बसलं की ठरवून लिहिलेलं वाटतं. एवढं म्हणायचं असेल तर पोटाची गोष्ट घ्या. नुसती गंमत म्हणून नको.

आणखी एक, तुम्ही कुठली प्रत बघितली ते वहीत नोंदवा. सापांच्या तळघरात नायकासमोर नाग फणा काढून उभा राहतो. दोघांच्या मधे काच होती, आणि मूळ चित्रपटात त्या काचेत नागाचं प्रतिबिंब दिसायचं. पुढे डिजिटल आवृत्तीत ते पुसून टाकलं. जुन्या टॉकीजमध्ये बघितलेला काका 'काच दिसते' म्हणेल, मोबाइलवर बघितलेला पुतण्या 'कुठाय?' म्हणेल, आणि दोघेही खरं बोलत असतील.

कोल्हापुरात राहून कॅमेऱ्याबद्दल एक ओळही न लिहिणं मला तरी बरं दिसत नाही. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, त्यावरून आपण रोज गाडी मारतो. बाबूराव पेंटरांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दामल्यांना हाताशी धरून याच गावात चित्रपटाचा कॅमेरा घडवला. परदेशी यंत्र समजून घ्यायचं आणि आपल्या हातांनी तसं बनवायचं. 'टेंपल ऑफ डूम'मधल्या खाणीतल्या गाड्यांच्या पाठलागाची बरीच दृश्यं छोट्या प्रतिकृतीत घेतलीत. त्या इवल्याशा बोगद्यात नेहमीचा सिनेकॅमेरा मावेना, म्हणून तंत्रज्ञांनी फोटो काढायचा निकॉन कॅमेरा खोलून, बदलून एकेक चौकट टिपली. त्यांचं काम वाचताना मला पेंटरांची आठवण होते. पहिल्या तिन्ही चित्रपटांचं छायाचित्रण डग्लस स्लोकोम यांचं, चौथ्याचं यानुश कमिन्स्की यांचं. चौथा दिसायला इतका वेगळा, धुरकट उजेडाचा का वाटतो, याचं निम्मं उत्तर या नावातच आहे.

संगीत पाचही ठिकाणी जॉन विल्यम्सचं. ते शब्दांत पकडायला जाऊ नका, फसगत होते. ती प्रसिद्ध धून कधी वाजते आणि कधी मुद्दाम वाजत नाही, एवढं टिपलं तरी चालेल.

दुसऱ्या चित्रपटाशी भांडायचं कसं

भाची 'टेंपल ऑफ डूम' बघत होती. पांकोटच्या राजवाड्यातली मेजवानी आली. अजगराच्या पोटातून वळवळणारे साप, किडे, डोळ्यांचं सूप, माकडाचा थंडगार मेंदू. तिने रिमोट दाबून चित्र थांबवलं. 'मामा, आपल्यात असलं कोण खातंय?'

हा प्रश्न परीक्षणात आलाच पाहिजे, फक्त तो आदळआपट करत येऊ नये. आधी वस्तुस्थिती जमवा. गोष्ट भारतात घडते, पण भारत सरकारला पटकथा आक्षेपार्ह वाटली, बदल मागितले गेले, आणि शेवटी चित्रीकरण श्रीलंकेत, कँडीजवळ झालं. म्हणून 'भारतातल्या' त्या गावातली माणसं सिंहली बोलतात. कान देऊन ऐका, ना हिंदी, ना आपल्या ओळखीची कुठली भाषा. आपल्याकडे काही काळ चित्रपटावर बंदीही होती. ठगांचा बंदोबस्त इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच केला होता, इथे १९३५ साली ते जमिनीखाली अख्खं राज्य चालवतात. आणि शेवटी पुलावर धावून कोण येतं? इंग्रज कप्तान आणि त्याची पलटण.

अंबाबाईच्या गावात राहणाऱ्या माणसाला कालीमातेचं ते रूप बघून राग येणारच. राग लिहा. पण त्याच वेळी न्यायाने हेही लिहा, की गावाचा पवित्र दगड चित्रपटाने आदराने दाखवलाय आणि नायक खलनायकाला 'तू शिवाशी द्रोह केलास' असं सुनावतो. म्हणजे श्रद्धा आणि अघोरी पंथ यांच्यात पटकथा फरक करायला बघते. करता येतो का, हा पुढचा प्रश्न. माझं मत विचाराल तर नाही, मेजवानीच्या ताटात तो फरक वाहून जातो. तुमचं मत वेगळं निघालं तरी हरकत नाही, फक्त दृश्य दाखवून मांडा.

मग अमरीश पुरी. खलनायक मोलारामच्या भूमिकेसाठी त्यांनी डोकं तासलं आणि पुढे तसंच ठेवलं. दिवाण झालेले रोशन सेठ दोनच वर्षांपूर्वी 'गांधी'त नेहरू होते. त्या दोघांना काय लिहून दिलं आणि त्यांनी त्याचं काय केलं, या दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. पुरींचे डोळे बघा. कागदावर तो राक्षस आहे, पडद्यावर तो आपल्या कामाचा आनंद घेणारा माणूस आहे. परदेशी समीक्षकांना हे नेहमी दिसलेलं नाही. आपण पुरींना शंभर पिक्चरमध्ये बघितलंय, त्यामुळे आपल्याला दिसतं. इथलं असण्याचा फायदा घ्यायचा तो असा.

आणि एवढं भांडून झाल्यावर झुलत्या पुलाजवळ या. पूल खराखुरा बांधला होता आणि खराखुरा तोडला, वर हातपाय हलवणारे पुतळे ठेवून. ते दृश्य लाजवाब आहे. चित्रपट एकाच वेळी अपमान करणारा आणि हात बांधून बघत ठेवणारा असू शकतो. परीक्षणात दोन्ही राहू द्या, एकाने दुसऱ्याची वजाबाकी करू नका. जाता जाता, अमेरिकेतही पालकांना तो जास्तच भयंकर वाटला, आणि त्या वादातून १९८४ सालीच तिथे 'पीजी-१३' हे नवं प्रमाणपत्र आलं.

उरलेले तीन

'लास्ट क्रूसेड'वर लिहिणं सोपं, कारण तो सगळ्यांना आवडतो. म्हणूनच जपून लिहा. बापाच्या भूमिकेतला शॉन कॉनरी मुलगा झालेल्या फोर्डपेक्षा जेमतेम १२ वर्षांनी मोठा. तरी बाप-लेक खरे वाटतात. का, ते शोधा. मला वाटतं कॉनरी मुलाकडे बघतच नाही, तो आपल्या शोधाच्या टिपणवहीकडे बघतो. सुरुवातीच्या १९१२च्या प्रसंगात टोपी, चाबूक, सापांची भीती आणि हनुवटीवरचा व्रण हे सगळं पोराला एकाच दिवशी मिळतं. ही गंमत की सोय, ते तुम्ही ठरवा.

चौथ्याला झोडपायची फॅशन आहे. अणुस्फोटात फ्रिजमध्ये बसून वाचण्यावर इतकं लिहिलं गेलंय की तुम्ही नाही लिहिलंत तरी चालेल. पाचव्यात ८० वर्षांचा फोर्ड आहे, आणि सुरुवातीच्या १९४४च्या भागात संगणकाने तरुण केलेला फोर्ड. चेहरा तरुण, पण आवाज? डोळे मिटून ऐका.

लिहायला बसल्यावर

कथा चार ओळींत उरका. शेवट फोडू नका. १९८१चा पिक्चर असला म्हणून काय झालं, तुमचा वाचक १६ वर्षांचा असू शकतो. फोडणं अटळ असेल तर आधी सांगा. उदाहरणार्थ, आता मी फोडणार आहे. 'नायक नसता तरी रेडर्सचा शेवट तोच झाला असता' हा मुद्दा नेटवर वर्षानुवर्षं फिरतोय. तो उचलून आपला म्हणून छापू नका. त्याच्याशी दोन हात करा. मला वाटतं, आयुष्यभर गाडलेल्या वस्तू उकरून बघणारा माणूस शेवटी डोळे घट्ट मिटून घेतो, म्हणून वाचतो. पेटी कोण उघडतं यापेक्षा बघायचं कोण नाकारतं, ही ती गोष्ट आहे. हे बरोबर असेल-नसेल, पण उसनं नाही.

तारे देऊ नका. भित्तिपत्रकाने मागितले तर शेवटी द्या आणि विसरून जा. 'अप्रतिम', 'खिळवून ठेवणारा', 'पैसा वसूल' हे शब्द आले की पेनने गोल करा आणि त्या जागी वहीतली डावीकडची मिनिटं उघडा. 'नाद खुळा' एकदा चालेल, पूर्ण मालिकेत मिळून एकदा.

नावं दोनदा तपासा, वर्षं तीनदा. मग ज्याने पिक्चर बघितलेला नाही अशा घरातल्या कुणालातरी मोठ्याने वाचून दाखवा. भाचीने आईला वाचून दाखवलं. ताई पोळ्या लाटत होती. ट्रकच्या परिच्छेदाला लाटणं थांबलं, तव्यावरची पोळी करपली. मेजवानीच्या परिच्छेदाला ती 'शी!' म्हणाली. त्यानंतर जॉन विल्यम्सवर भाचीने दीड पान लिहिलं होतं. ताई पुन्हा लाटायला लागली.

दीड पानाच्या दोन ओळी झाल्या. पहिल्या चित्रपटावरचं परीक्षण ३४० शब्दांत बसलं. पहिलं वाक्य होतं, 'या माणसाला जिवापेक्षा टोपी प्यारी आहे.' मी म्हटलं, गंभीर सुरुवात कर. तिने वही उघडून मला मिनिटं दाखवली, कुठे कुठे तो टोपी सावरतो ती. मी गप्प बसलो.